किल्लारीच्या भूकंपानंतर तीस वर्षांनी घेतलेला मानसोपचार : सव्वीस सत्रांचा अभिप्राय

ऑक्टोबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या काळात पुण्यातील एका लहान केंद्रात मी आघातकेंद्री मानसोपचाराची सव्वीस सत्रे घेतली. त्या सेवेबद्दल हा अभिप्राय आहे. केंद्राचे आणि तेथील मानसशास्त्रज्ञ मॅडमचे नाव मी देत नाही, कारण या लिखाणात माझ्या घरातील माणसे येतात आणि त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू नये असे मला वाटते. शिवाय ही उपचारपद्धत इतर शहरांतही उपलब्ध आहे, आणि ती घेऊ पाहणाऱ्याला केंद्राच्या नावापेक्षा ती कशी चालते, काय देते आणि कोठे अपुरी पडते हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

मी मूळची सास्तूरच्या परिसरातल्या एका खेड्यातली. हा भाग आता धाराशिव जिल्ह्यात म्हणायचा, तेव्हा उस्मानाबाद होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गणपतीचे विसर्जन करून, मिरवणुकीत नाचून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. आमच्याकडची घरे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचा जाड थर दिलेल्या माळवदाची असत. उन्हाळ्यात ती गार राहत आणि त्यांचा आम्हाला अभिमान होता, पण भिंत सुटली की माळवदाची सगळी माती खाली झोपलेल्यांच्या अंगावर येई. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली आणि सरकारी नोंदींत जवळजवळ आठ हजार मृत्यू नोंदले गेले. त्यांत माझी आजी होती आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ होता. वडील शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेले होते म्हणून वाचले. आईला आणि मला शेजाऱ्यांनी उजाडल्यावर बाहेर काढले.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस, नवे गाव, शाळा, पुण्यात बी.कॉम., पतसंस्थेतली नोकरी, लग्न आणि मुलगा, हे सारे रीतसर होत गेले. मला काही झाले आहे असे मला कधी वाटले नाही. माझ्या मते मी फक्त काटेकोर होते. आम्ही तळमजल्यावरच राहायचे, झोपण्याच्या खोलीचे दार रात्री कधीही लावायचे नाही, मुलाने माझ्या आणि दाराच्या मध्येच झोपायचे, अनंत चतुर्दशीला पुण्याबाहेर जायचे, असे माझे नियम होते आणि ते मोडले की मी संतापत असे. नवऱ्याने सातव्या मजल्यावरची चांगली सदनिका पाहिली होती. ती मी नाकारली तेव्हा त्याला सांगितले की मला अंगण हवे आहे. तळमजल्यावरची ओल, डास आणि जिन्याखालचा अंधार त्याने अकरा वर्षे सोसला, तो माझ्या अंगणाच्या आवडीसाठी. खरे कारण मी त्याला सांगितले नाही, कारण मला स्वतःलाच ते शब्दांत ठाऊक नव्हते. कारण गाडले गेले होते आणि नियम तेवढे उरले होते.

२०२३ साली मुलगा नऊ वर्षांचा झाला. त्या वर्षी विसर्जन २८ सप्टेंबरला आले, म्हणजे भूकंपाला तीस वर्षे पूर्ण होण्याच्या अगदी दोन दिवस आधी, आणि पतसंस्थेच्या सहामाहीच्या कामामुळे मला पुणे सोडता आले नाही. रात्री शेजारच्या रस्त्याने ढोलपथक गेले. खिडकीची तावदाने थरथरू लागली, आणि पुढचे मला आठवते ते एवढेच की मी अंगणात उभी होते, मुलगा रडत होता आणि त्याचे मनगट माझ्या मुठीत होते. मी त्याला झोपेतून ओढत बाहेर आणले होते. मनगट मुरगळले होते. दुसऱ्या दिवशी नवरा शांतपणे म्हणाला, “त्याला भूकंपाची नाही, तुझी भीती वाटते.” या वाक्याने मला उपचाराकडे नेले.

केंद्रात जाण्यापूर्वी मी आणखी एका ठिकाणी गेले होते, आणि तो अनुभव सांगणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या हातांत ही सेवा अपायकारक ठरू शकते. तेथील समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत मला त्या पहाटेची सारी हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावली, मी थरथरू लागल्यावरही थांबवले नाही, आणि शेवटी सांगितले की तीस वर्षे उलटली आहेत, आता विसरून पुढे गेले पाहिजे. त्यानंतर तीन रात्री मला झोप लागली नाही आणि चौथ्या दिवशी रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला तेव्हा मी कार्यालयातून पळत बाहेर आले. आघाताची हकीकत एकदाच बोलून मोकळे व्हावे ही समजूत आपल्याकडे फार प्रिय आहे. प्रत्यक्षात कोणत्याही तयारीशिवाय, एकाच बैठकीत सर्व काही वदवून घेण्याने लाभ होत नाही आणि काहींची अवस्था बिघडते, असेच या क्षेत्रातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये उपचाराचे जे तीन टप्पे मांडले, त्यांत आधी सुरक्षितता येते, मग आठवण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. माझ्याकडून पहिला टप्पा वगळून दुसरा करून घेतला गेला होता.

म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी चौकशी केली. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आजही प्रत्यक्षात फारशी आडकाठी नाही, परंतु चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. मी फोनवर नोंदणीबद्दल विचारले आणि आघातग्रस्तांसोबतच्या कामाचे वेगळे प्रशिक्षण आहे का, हेही विचारले. मॅडमनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे न रागावता दिली. माझ्या दृष्टीने पहिला विश्वास तेथेच बसला.

पहिल्या चार सत्रांत त्यांनी मला भूकंपाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. झोप किती, जेवण कसे, घरात कोण आहे, काय झाले की मी सैरभैर होते, आणि काय केल्यावर स्थिरावते, एवढेच त्या विचारत. वीस प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण आणि एकूण ऐंशी. माझे गुण एकोणपन्नास आले. केवळ या आकड्यावरून निदान होत नाही, पण उपचार कोणत्या दिशेने चालला आहे हे त्यावरून कळते, असे त्यांनी स्पष्ट केले, आणि सविस्तर मुलाखतीनंतरच आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, असे नाव घेतले. हे निदान अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये आले, आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आमच्या गावात १९९३ साली हे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्याकडे ‘पोरीनं धसका घेतलाय’ असे म्हणत आणि अंगारा लावत. मी हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, “धसका हा शब्द चांगला आहे, आपण तोच वापरू.” पुढच्या सर्व सत्रांत त्यांनी माझ्याशी बोलताना धसकाच म्हटले. माझ्याच बोलीतला शब्द उपचाराच्या खोलीत चालतो आहे याने मला किती धीर आला हे सांगणे कठीण आहे.

धसका मनात कसा राहतो, हे त्यांनी दोन सत्रे खर्चून समजावले. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोक्याची घंटा वाजवतो आणि हिप्पोकॅम्पस हा भाग घडलेल्या गोष्टीला स्थळकाळाचा संदर्भ देतो. जिवावरच्या प्रसंगी घंटा इतक्या जोराने वाजते की संदर्भ लावण्याचे काम नीट होत नाही. मग आवाज, वास, थरथर आणि अंगातली कळ सुटी सुटी राहते आणि पुढे त्यासारखे काही समोर आले की शरीर त्याला जुने न समजता आत्ताचे समजते. हिशेबाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मी हे माझ्या भाषेत मांडून पाहिले. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद झाली होती, पण तिची खतावणी, म्हणजे तिच्या योग्य खात्यात मांडणी, कधी झालीच नाही. म्हणून ती कोणत्याही खात्याला न लागता रोजच्या पानावर ‘आजची’ म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिली. मॅडमना हे पटले आणि पुढचे काम आम्ही खतावणीचे काम म्हणूनच केले.

त्याआधी स्थिर होण्याचा सराव झाला. श्वास लांबवणे, पायाखालची फरशी जाणवून घेणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घेणे, या साध्या गोष्टी होत्या आणि त्या मला सुरुवातीला पोरकट वाटल्या. त्यातला एक प्रकार मात्र मी आजही करते. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून दोन्ही खांद्यांजवळ आळीपाळीने हलके थोपटायचे; याला फुलपाखराची मिठी म्हणतात. १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर मेक्सिकोतील अकापुल्को येथे वाचलेल्या लोकांसोबत काम करताना लुसिना आर्टिगास यांनी ही पद्धत सुरू केली. हे ऐकले त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसले. आम्हाला भांडी मिळाली, कांबळी मिळाली, पुढे पक्की घरेही मिळाली, आणि त्या मदतीचे ऋण मी मानते; परंतु खांद्यावर असे थोपटायला शिकवणारे कोणी त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यापर्यंत पोहोचल्याचे मला आठवत नाही.

पाचव्या महिन्यापासून प्रत्यक्ष ईएमडीआर सुरू झाले. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये विकसित करण्यास सुरुवात केलेल्या या पद्धतीत रुग्णाने त्रासदायक आठवणीचा एक तुकडा मनात धरायचा आणि त्याच वेळी नजर उपचारकाच्या हाताबरोबर डावीउजवीकडे फिरवायची किंवा आळीपाळीने थोपटायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत आणि आघातकेंद्री वर्तनोपचार या दोहोंची शिफारस केली आहे. डोळ्यांच्या हालचालीचा यात नेमका किती वाटा आहे याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि हे मॅडमनी मला स्वतःहून सांगितले. ज्या केंद्रात ही पद्धत जादूसारखी विकली जाते तेथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बोटाकडे पाहून माझे डोके दुखू लागले, तेव्हा आम्ही थोपटण्यावर आलो.

आठवणीचा कोणता तुकडा धरायचा हे ठरवताना मला वाटले होते की ढिगारा, अंधार किंवा आजीचा हात येईल. आली ती भूकंपाच्या आधीची संध्याकाळ. उंबऱ्याजवळची झोपायची जागा वाऱ्याची होती, आणि तिच्यासाठी मी आणि भाऊ भांडलो होतो. ती जागा मी मिळवली आणि तो आत, भिंतीकडे झोपला. ‘त्याची जागा मी घेतली’ हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मी तीस वर्षांत ते कधी उच्चारले नव्हते, मनातही नाही. मात्र मुलाला रोज रात्री मी दाराजवळ झोपवत होते. त्या वाक्याचा त्रास शून्य ते दहा या मोजणीवर मी दहा सांगितला. सलग आठ मोठ्या सत्रांत आम्ही त्या एकाच संध्याकाळपाशी परत परत गेलो. प्रत्येक वेळी मॅडम थोड्या थोड्या वेळाने थांबवून फक्त विचारत, “आता काय येते आहे?” सहाव्या वेळी मला प्रथमच ती नऊ वर्षांची मुलगी बाहेरून दिसली: माझ्या मुलाएवढी, दोन वेण्या घातलेली, वाऱ्याच्या जागेसाठी भावाशी भांडणारी. तशी भांडणे माझा मुलगा त्याच्या चुलत बहिणीशी रोज करतो. त्या दिवशी मी फार रडले आणि मोजणी दहावरून चारवर आली.

हा मार्ग सरळ नव्हता. मधल्या काळात प्रश्नावलीतील गुण बावन्नपर्यंत वाढले, स्वप्ने परत सुरू झाली, आणि मॅडमनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले; त्यांच्या देखरेखीखाली मी काही महिने औषध घेतले. उपचार सुरू असताना काही आठवडे अवस्था बिघडू शकते, हे आधीच सांगितले गेले होते म्हणूनच मी टिकले. शेवटच्या सत्रात गुण एकोणीस होते.

आता नात्यांविषयी, कारण या सेवेचे खरे मोल मला तेथे दिसले. नवऱ्यासोबत तीन संयुक्त सत्रे झाली. पहिल्या सत्रात माझी अपेक्षा होती की निदान ऐकून तो विरघळेल. तो विरघळला नाही. त्याने विचारले, “म्हणजे अकरा वर्षे मी जे सोसले त्याला जबाबदार कोणीच नाही का?” मॅडमनी या प्रश्नावर त्याला गप्प केले नाही, आणि माझी बाजूही सावरली नाही. त्यांनी सांगितले की धसका हे माझ्या वागण्याचे कारण आहे, परंतु त्या वागण्याने ज्याला लागले त्याचे दुःख त्यामुळे कमी होत नाही, आणि कारण कळल्यानंतरची भरपाई मलाच करावी लागेल. हे ऐकणे मला जड गेले. आज मागे पाहताना वाटते की त्यांनी त्या दिवशी मला केवळ दयेस पात्र ठरवून घरी पाठवले असते, तर आमचे नाते तेथेच संपले असते. नवऱ्याला इतकी वर्षे वाटत होते की दाराशी मीच राखण करते याचा अर्थ माझा त्याच्यावर विश्वास नाही. मी त्याला सांगितले की त्या दारात मी राखण करत होते ती चार वर्षांच्या भावाची. तो माझ्या भावाचे नाव लग्नानंतर अकरा वर्षांनी प्रथमच ऐकत होता.

मुलाच्या बाबतीत त्यांचा सल्ला थोडक्यात होता आणि तो फार उपयोगी पडला. त्याला हकीकत कोणी सांगितली नव्हती, पण भीती मात्र रोज शिकवली जात होती. शाळेत त्याने बाईंना विचारले होते की ही इमारत पडेल का. मॅडमनी त्याला समजेल अशी चार-पाच वाक्ये माझ्याकडून लिहून घेतली. मी लहान असताना आमचे घर भूकंपात पडले, माझा भाऊ त्यात गेला, म्हणून मोठा आवाज झाला की मला अजून भीती वाटते, ती भीती माझी आहे आणि तुझा हात दुखावला ती माझी चूक होती. त्याने सारे ऐकले आणि मामा कसा दिसायचा, एवढेच विचारले. आमच्याकडे छायाचित्र नाही. मी त्याला सांगितले की त्याचे कान तुझ्यासारखे होते.

आईबाबत मात्र या सेवेची मोठी उणीव दिसते, आणि ती मी लिहिणार आहे. वडील गेल्यानंतर आई नव्या गावातल्या घरी एकटी राहते. विसाव्या सत्रानंतर, मला बरे वाटू लागल्यावर, आईशी एकदा मोकळे बोलावे असे मॅडमनी सुचवले. मी गावी गेले आणि रात्री तिच्याजवळ बसून उंबऱ्याच्या जागेचे सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तू न्हाई गं घेतली त्याची जागा. त्याला खोकला व्हता. वारं लागू नये म्हणून मीच त्याला उचलून आत नेलं व्हतं, तू झोपल्यावर.” एकाच जागेचा दोष आम्ही दोघींनी तीस वर्षे वेगवेगळा वाहिला होता, एकाच घरात राहून, एकमेकींना कळू न देता. माझ्या लग्नाआधीच्या सगळ्या वर्षांत आई मला जवळ घेत नसे. ती माझ्यावर रागावली आहे असे मी धरून चालले होते. ती मला तोंड दाखवायला घाबरत होती.

मला त्या रात्रीने हलके केले. आईचे तसे झाले नाही. पुढचे दीड महिना तिने धड जेवण घेतले नाही, रात्री ती अंगणात येऊन बसत असे, असे शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितले. मी केंद्रात विचारले तेव्हा मॅडमनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि मान्य केले की आईची तयारी करून घ्यायला हवी होती. परंतु सत्तरीकडे झुकलेल्या, पुण्याला यायला तयार नसलेल्या, ऑनलाइन सत्र म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या बाईसाठी त्यांच्याकडे कोणतीही व्यवस्था नव्हती. हा उपचार एका माणसाला खुर्चीत बसवून केला जातो, आणि आघात मात्र आमच्याकडे घरादारावर, आख्ख्या गावावर झालेला असतो. मी आईला केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या मुलीशी आई दोनदा बोलली. तिसऱ्यांदा म्हणाली, “चेहरा दिसत न्हाई, कुणाला सांगू?” शेवटी मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी गावी जाऊ लागले. आता आम्ही दोघी भावाविषयी बोलतो, त्याच्या खोड्यांविषयीही बोलतो, आणि आई जेवते.

इतर उणिवा लहान असल्या तरी नोंदवते. प्रश्नावली इंग्रजीत होती. मॅडम प्रत्येक प्रश्न मराठीत समजावत, पण जी व्यक्ती हा फॉर्म एकटी भरणार असेल तिची तेथेच अडचण होईल. बसण्याची खोली रस्त्याकडे होती आणि जड वाहनांचा हादरा तेथे जाणवे. भूकंपग्रस्ताला बसवण्यासाठी ही जागा योग्य नव्हे, आणि मी सांगितल्यावर तिसऱ्या सत्रापासून त्यांनी आतली खोली दिली. दोनदा ऐनवेळी सत्र रद्द झाले. त्यापैकी एक अशा आठवड्यात होते की मागच्या सत्रात आठवण अर्धवट उघडून ठेवलेली होती. तसे होता कामा नये.

शुल्काचा हिशेब पूर्ण देते. साठ मिनिटांच्या अठरा सत्रांचे प्रत्येकी १,८०० रुपये आणि नव्वद मिनिटांच्या आठ सत्रांचे प्रत्येकी २,५०० रुपये, असे एकूण ५२,४०० रुपये झाले. मनोविकारतज्ज्ञांचे शुल्क आणि औषधे वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे, परंतु माझा विमा रुग्णालयात दाखल झाल्यासच लागू होत असल्याने या सत्रांचा एक रुपयाही परत मिळाला नाही. पतसंस्थेतील माझ्या पगारातून हा खर्च हप्त्याहप्त्याने निभला. शेतमजुरी करणाऱ्या माझ्या मावसबहिणीला, जिची दोन मुले त्याच पहाटे गेली, तो निभणारा नाही. जिल्हा रुग्णालयांतून राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी आणि औषधे मिळतात, हे मी तिला सांगितले आहे आणि पहिल्या वेळी तिच्यासोबत मी स्वतः जाणार आहे.

कोणी मला विचारले की ही सेवा घ्यावी का, तर मी घ्यावी असे सांगते, मात्र पहिल्या दोन भेटींत उपचारकाने थांबण्याची मुभा दिली का, हे पाहायला सांगते. ‘मला आज हे बोलायचे नाही’ असे म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलत नाही, त्याच्याकडे जावे. सोबतीला घरातले एक माणूस तयार असेल तर त्याला लवकर सामील करून घ्यावे. माझ्या नवऱ्याला मी पंधराव्या सत्रापर्यंत बाहेर ठेवले, ती माझी चूक होती.

२०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. मी पुण्यातच राहिले. दुपारी नवरा आणि मुलगा मिरवणूक पाहायला गेले तेव्हा मी घरी होते, आणि पथक आमच्या रस्त्याने आले तेव्हा मी अंगणात जाऊन उभी राहिले, हात छातीवर आडवे घेऊन, खांदे थोपटत. तावदाने थरथरली. रात्री मुलगा त्याच्या खोलीत झोपला, दार त्याने स्वतः अर्धे उघडे ठेवले आणि मला विचारले, “एवढं पुरे का, आई?” मी थोडे आणखी उघडायला सांगितले.